क्रुगरमध्ये आठ रात्री, आपल्या खिशाला परवडतील अशा

आफ्रिकेत सफारी करून आलो असं सांगितलं, की समोरच्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, सिंह दिसला का? आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, खर्च किती आला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात पाच जण पाच तऱ्हांनी देतात, ते पुढे येईलच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आतापर्यंत मी फोनवर इतक्या जणांना दिलंय, की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. बडोदा, अहमदाबाद, सुरत, इंदूर, कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी घराला ही सहल अशक्य वाटते. ती अशक्य नाही. मात्र राहायचं कुठे, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं.

आमच्या घरी या सहलीला एक मुदत होती. बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. डावा डोळा जवळजवळ गेलेला, आणि उजव्याने नळीतून पाहावं तसं फक्त मधलं दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली जितकी टिकवता येईल तितकी टिकवायची. बाबांना प्राण्यांचं वेड जन्माचं. आम्ही लहान असताना रविवार म्हणजे कमाटीबाग. सयाजीरावांच्या काळात 1879 साली सुरू झालेल्या त्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापुढे ते इतका वेळ उभे राहायचे, की आई शेवटी आम्हाला घेऊन बाकावर जाऊन बसायची. पुढे ते दोनदा गीरला गेले. परवाना, जिप्सी, तीन तासांची फेरी आणि परत. दोन्ही वेळा घरी येऊन म्हणाले, "छान होतं, पण घाई झाली. जंगलात नुसतं बसायला मिळायला पाहिजे."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. त्यामुळे 2023 च्या दिवाळीत आफ्रिकेचा विषय निघाला, तेव्हा "दोन-तीन वर्षांनी बघू" म्हणण्याची सोय आम्हाला नव्हती.

पहिल्यांदा एका एजंटाला विचारलं. त्याने क्रुगरला लागून असलेल्या एका खाजगी अभयारण्यातल्या लॉजचं कोटेशन पाठवलं. दर माणशी एका रात्रीला पंधरा हजार रँड. एक रँड म्हणजे तेव्हा साधारण साडेचार ते पाच रुपये. पाच जण, दोन रात्री, म्हणजे दीड लाख रँड, सुमारे सात लाख रुपये. विमानाची तिकिटं वेगळी. हे लॉज काही लूट करत नाहीत. त्या पैशात सगळी जेवणं, उघडी जीप, सोबत वाटाड्या आणि माग काढणारा, आणि रस्ता सोडून झुडपात गाडी घालायची मुभा, एवढं सगळं येतं. पण दोनच रात्री म्हणजे आमच्यासाठी पुन्हा गीरचीच घाई झाली असती, फक्त महागडी.

मग मी स्वतः शोधायला बसलो, आणि पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट कळली जी एजंटाने सांगितली नव्हती. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या आत सरकारी मुक्कामाची उत्तम सोय आहे. दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय उद्यानं 'सॅनपार्क्स' ही सरकारी संस्था चालवते. क्रुगर 1926 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि दुसऱ्याच वर्षी तिथे मोटारीने आलेले पहिले पर्यटक शिरले. तेव्हापासून सामान्य माणसाने स्वतःची गाडी घेऊन यायचं, कॅम्पवर राहायचं, स्वतः रांधून खायचं, ही तिथली रीत आहे. उद्यान जवळपास वीस हजार चौरस किलोमीटरचं, उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर लांब. आत डझनभर मोठे कॅम्प आणि त्याशिवाय कितीतरी छोटे. प्रत्येक मोठ्या कॅम्पला कुंपण आहे, दुकान आहे, बहुतेक ठिकाणी पेट्रोल पंप आणि उपाहारगृहही आहे. आणि ते खाजगी अभयारण्य? त्याच्या नि क्रुगरच्या मधलं कुंपण 1990 च्या दशकातच काढून टाकलंय. म्हणजे प्राणी तेच, फक्त बघायची खिडकी वेगळी.

कॅम्पमधल्या राहण्याच्या पायऱ्या समजून घेतल्या की निम्मं काम झालं. सगळ्यात स्वस्त म्हणजे स्वतःचा तंबू ठोकायची जागा. त्यावर साधी खोली, जिची न्हाणीघरं आणि स्वयंपाकघर सामाईक असतं. मग कायम उभारलेले 'सफारी टेंट', ज्यात पलंग, पंखा, काहींत स्वतःचं न्हाणीघरही. त्यावर बंगला. बंगला शब्दाने दचकू नका, ती गवताने शाकारलेली एक खोली असते, बरेचदा गोल. तिला रोंडावेल म्हणतात. आत न्हाणीघर, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात फ्रीज आणि शेगडी. त्यापुढे कुटुंबासाठी दोन-तीन खोल्यांची कॉटेज. कॉटेजचा दर ठरावीक माणसांपुरता असतो आणि वरच्या माणसाचे थोडे जास्त पैसे पडतात, त्यामुळे पाच-सहा जणांत तो विभागला की बराच परवडतो. विजेशिवायचे कॅम्पही आहेत. बालुले नावाच्या छोट्याशा कॅम्पवर अजून कंदील लागतात.

माझ्या एक्सेलमध्ये सामाईक न्हाणीघराची खोली अर्थातच जिंकत होती. पण बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं, आणि अंधारात त्यांना अजिबात दिसत नाही. न्हाणीघर खोलीतच हवं, पायऱ्या कमी हव्यात, व्हरांडा हवा. या तीन अटी घातल्यावर बरेच पर्याय आपोआप गळून पडले. घरात वयस्कर माणूस असेल तर दराआधी या गोष्टी बघा. बऱ्याच मोठ्या कॅम्पवर व्हीलचेअर जाईल अशा खोल्याही आहेत, त्या बुकिंगच्या यादीत वेगळ्या दाखवलेल्या असतात.

बुकिंग जवळपास वर्षभर आधी उघडतं आणि चांगल्या जागा लगेच जातात. आमच्या हातात सहाच महिने होते. पहिल्या दिवशी बघितलं तर हव्या त्या तारखांना सगळं लाल. पण लोक बेत बदलतात, बुकिंग रद्द करतात, आणि रद्द झालेली खोली पुन्हा यादीत येते. मी रोज सकाळी चहाबरोबर ती यादी उघडायचो. यासाठी एखादा छोटा प्रोग्राम लिहायचा मोह धंद्यामुळे होत होता, पण बायको म्हणाली, "अरे, रोज दोन मिनिटं तर लागतात!" तीन आठवड्यांत तीन कॅम्प जुळले. दक्षिण टोकाचा बर्ग-एन-डाल दोन रात्री, साबी नदीकाठचा लोअर साबी तीन रात्री आणि मध्य क्रुगरमधला सतारा तीन रात्री. हो, नाव सताराच आहे. आईने ते वाचून पहिल्यांदा विचारलं, "तिथे कोण आपला माणूस गेला होता का?"

तारखांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आपली उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तिथला हिवाळ्याचा तोंडवळा. मे महिन्याच्या अखेरीस पाऊस संपलेला असतो, गवत वाळून खाली बसू लागतं, पाणवठे कमी होतात आणि प्राणी पाण्याभोवती जमतात. डासही कमी. तिथल्या शाळांची हिवाळी सुट्टी जूनमध्ये सुरू होते, तेव्हा कॅम्प भरून जातात. त्यामुळे मेचा शेवटचा आठवडा आपल्यासाठी अगदी मोक्याचा. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, तेव्हा गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारूनच जा. लहान बाळ किंवा आजारी माणूस बरोबर असेल आणि ती जोखीम नकोच असेल, तर पिलानेसबर्ग आणि अ‍ॅडो ही मलेरियामुक्त उद्यानं आहेत. पिलानेसबर्ग तर जोहान्सबर्गहून काही तासांवर आहे.

आम्ही आखातमार्गे जोहान्सबर्गला उतरलो. इथिओपिया किंवा केनियामार्गे तिकीट कधी कधी स्वस्त मिळतं, पण ते देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे किती तास थांबता यावर लसीच्या दाखल्याचे नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधीच ते तपासा. जोहान्सबर्गला भाड्याची गाडी घेतली. दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवतात, ही आपल्याला केवढी सोय! आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. गाडी जरा उंच घ्या. खिडकी गवताच्या वर राहिली की फरक पडतो. मोठ्या चारचाकी जीपची मात्र गरज नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि मातीचे रस्तेही कोरड्या दिवसांत साध्या गाडीला चालतात.

पाच-सहा तासांत उद्यानाच्या दारात पोचतो. इथे एक खर्च अनेकांच्या हिशेबात धरलेला नसतो. राहण्याच्या भाड्याशिवाय रोजचं संवर्धन शुल्क द्यावं लागतं. परदेशी प्रौढाला ते 2024 मध्ये दिवसाला पाचशे रँडच्या आसपास होतं, मुलांना कमी. आठ दिवस, पाच माणसं म्हटलं की आकडा फुगतो. 'वाइल्ड कार्ड' नावाचा वार्षिक पास मिळतो, एकट्याचा, जोडप्याचा आणि कुटुंबाचा. दोन-तीन दिवसांसाठी तो घेऊ नका. आठवडाभर राहणार असाल तर दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघा. आम्ही आई-बाबांसाठी जोडप्याचा आणि आम्हा तिघांसाठी कुटुंबाचा घेतला आणि तो स्वस्त पडला.

आत गेल्यावरचे नियम कडक आहेत. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि मातीच्या रस्त्यावर 40 किलोमीटर. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. संध्याकाळी कॅम्पचं दार बंद व्हायच्या आत परत यायचं. मे महिन्यात ते साडेपाचला बंद होतं आणि सकाळी सहाला उघडतं. म्हणजे बारा-साडेबारा तास तुम्ही कुंपणाच्या आत, आणि प्राणी बाहेर मोकळे. आपण उलटे पिंजऱ्यात.

जेवणाचं सांगतो. लॉज महाग होतात ते निम्मे याच पायी. आम्ही खाखरे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि आईची चटणी घरून नेली. विमानतळावर विचारल्यावर सगळं नीट सांगितलं, कुणी काढून घेतलं नाही. तांदूळ, अंडी, भाज्या वाटेतल्या गावात घेतल्या, लागेल तशी भर कॅम्पच्या दुकानातून. प्रत्येक खोलीपुढे निखाऱ्यावर भाजायची लोखंडी जाळी असते. तिथली माणसं संध्याकाळ झाली की त्यावर मांस भाजतात, त्याला 'ब्राय' म्हणतात. आमच्या जाळीवर वांगं भाजलं जायचं. शेजारच्या खोलीतलं एक वयस्कर जोडपं कुतूहलाने बघायला आलं आणि भरीत खाऊन गेलं. एक सूचना, माकडांपासून जपा. व्हरांड्यातल्या फ्रीजला कडी उगाच नसते.

बर्ग-एन-डालला कुंपणाच्या आतल्या बाजूने एक पायवाट जाते. नजर नसलेल्यांसाठी तिच्यावर ब्रेल लिपीतल्या पाट्या आहेत. हे मी आधी वाचलं होतं, पण बाबांना सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आणि माझी आठ वर्षांची लेक त्या वाटेने फिरायला गेले, मी थोडा मागे होतो. एका पाटीपाशी बाबा थांबले. बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. लेक म्हणाली, "आजोबा, तुम्हाला वाचता येतं?" ते म्हणाले, "नाही गं. आता शिकायला पाहिजे." इतक्या महिन्यांत घरात कुणीही हे मोठ्याने बोललं नव्हतं. ड्रॉप वेळेवर घाला, तपासणीची तारीख चुकवू नका, एवढ्यावरच आमचं बोलणं संपायचं. ते पुढे चालायला लागले आणि लेकीला कुठल्याशा पक्ष्याचा आवाज ओळखायला सांगू लागले.

लोअर साबीला खोलीसमोर नदी. पाणघोड्यांचा आवाज तुम्ही ऐकलाय का? एखादा जाडजूड माणूस स्वतःच्याच विनोदावर पोटातून हसतोय असा येतो. रात्रभर चालतो. कॅम्पपासून दोन-तीन मिनिटांवर सनसेट डॅम नावाचं तळं आहे, अगदी डांबरी रस्त्याच्या कडेला. तिथे गाडी लावून आम्ही तीन दिवस मिळून कितीतरी तास काढले. मगरी, पाणघोडे, करकोचे, पाण्यावर येणारी हरणं. बाबांना समोरचं मधलं दिसतं, म्हणून मी गाडी अशी लावायचो की पाणी त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर येईल. हत्तींचा कळप आला, तेव्हा काही दाखवून द्यावं लागलं नाही. कळप पाणी पिऊन आमच्या गाडीपुढून रस्ता ओलांडत होता. बाबा मान सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत होते, एकेक हत्ती जोडून घेतल्यासारखी. "सोळा," ते म्हणाले. लेकीचेही सोळाच आले होते.

उघड्या जीपने, वाटाड्यासह फिरायचा अनुभव हवा असेल तर कॅम्पवरूनच सॅनपार्क्सच्या फेऱ्या निघतात, पहाटेच्या, सूर्यास्ताच्या, रात्रीच्या. लॉजच्या मानाने खर्च किरकोळ. सहा वर्षांखालच्या मुलांना त्यात घेत नाहीत. दार बंद झाल्यावरचं जंगल बघायचा हा एकच मार्ग, म्हणून एक तरी फेरी करावीच.

सतारा सिंहांसाठी प्रसिद्ध आहे. तिथून जवळच 'एस 100' नावाचा मातीचा रस्ता नदीकाठाने जातो. दुसऱ्या सकाळी तिथे सात-आठ गाड्या थांबलेल्या दिसल्या आणि आम्ही समजलो. रस्त्यापासून साठ-सत्तर पावलांवर वाळक्या गवतात चार सिंहिणी पडल्या होत्या. बायकोने दुर्बिणीतून बघितल्या, लेकीने नुसत्या डोळ्यांनी, आईने जरा वेळाने. बाबांना दिसल्या नाहीत. गवताचा रंग तोच, सिंहिणींचा तोच, आणि काचबिंदूत असा रंगातला फरकच आधी पुसला जातो. मी गाडी पुढे-मागे घेतली, दुर्बीण दिली, बोटाने झाड दाखवलं, झाडाच्या डावीकडे म्हटलं. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, "असू दे रे. तुम्ही बघा." मग लेकीने कामकाज हाती घेतलं. "आजोबा, एकीने शेपटी हलवली. एक उठली. नाही, परत झोपली." ते डोळे मिटून ऐकत होते.

त्या रात्री तीनच्या सुमाराला मला जाग आली. बाबांचा पलंग रिकामा. बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर शाल गुंडाळून बसले होते, चांगलीच थंडी होती. मी काही बोलणार तोच त्यांनी बोट वर केलं. आधी काहीच नाही. मग लांबून एक खोल हुंकार आला, त्यामागे दुसरा, आणि मग एकामागून एक आखूड होत जाणारे, छातीत घुमणारे. सिंहाची डरकाळी काही किलोमीटरपर्यंत जाते असं वाचलं होतं, पण ती कानाने नाही तर पाठीच्या कण्याने ऐकू येते हे कुणी सांगितलं नव्हतं. ती संपली आणि बाबा हळूच म्हणाले, "हा दुसरा. पहिला त्या अंगाला आहे. अर्धा तास झाला, दोघांचं बोलणं चाललंय." त्यांनी हात लांब करून दोन्ही दिशा दाखवल्या. थोड्या वेळाने उजवीकडून खरंच उत्तर आलं. आम्ही साडेचारपर्यंत बसलो. मी आत जाऊन चहा करून आणला, तेवढंच. सकाळी दार उघडताच त्यांनी दाखवलेल्या दिशेला गाडी नेली. सिंह काही दिसले नाहीत. बाबांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

आता हिशेब. राहण्याचं भाडं कॅम्पनुसार रात्रीला तीन ते साडेतीन हजार रँड, पाच जणांचं मिळून. आठ रात्रींचे साधारण सव्वीस हजार रँड, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या आसपास. एजंटाच्या लॉजमध्ये एकट्या माणसाच्या दोन रात्रींना तीस हजार रँड लागणार होते. सगळ्यात मोठा खर्च अर्थातच विमानाचा, त्यात फार काही करता येत नाही. बाकी गाडी, पेट्रोल, शुल्क, किराणा धरूनही आम्ही आठ दिवस राहिलो ते लॉजच्या दोन रात्रींच्या निम्म्याहून कमी खर्चात.

आत जागा मिळाली नाही तरी बेत सोडू नका. क्रुगरच्या दारांजवळ हेझीव्ह्यू, फालाबोरवा, कोमातीपोर्ट अशी गावं आहेत. मार्लोथ पार्कमध्ये तर भाड्याच्या घरांच्या अंगणात झेब्रे येतात. फक्त सकाळी दारावर रांग लावायची तयारी हवी. इतर देशांचाही विचार करता येईल. नामिबियातल्या एतोशात सरकारी कॅम्पच्या पाणवठ्यांवर रात्री दिवे असतात, बाकावर बसून गेंडे बघता येतात. झिंबाब्वेत ह्वांगेमध्ये उद्यान खात्याची साधी कॉटेजेस आहेत. बोट्स्वाना मात्र मुद्दाम कमी आणि महाग पर्यटनाचं धोरण ठेवतं. तिथे कसानेसारख्या गावात राहून चोबे नदीवर बोटीची फेरी करणं हा खिशाला झेपणारा मार्ग.

परत आल्यापासून बाबांना कुणी विचारलं, की ते म्हणतात, "हत्ती पाहिले, सिंह ऐकले." काही जण म्हणतात, एवढ्या लांब जाऊन नुसतं ऐकलं? बाबा त्यांना समजावत बसत नाहीत. माझं मात्र वाचकांना सांगणं आहे, विशेषतः माझ्या वयाच्यांना. आपण मुलांच्या परीक्षा, हप्ते, प्रमोशन यांचे हिशेब लावून सहल पुढे ढकलतो. घरातल्या थोरांच्या गुडघ्यांना आणि डोळ्यांना तो हिशेब माहीत नसतो. पुढच्या मेचं बुकिंग या मे-जूनमध्येच उघडतं. रोज दोन मिनिटं काढा, आणि खोली निवडताना व्हरांडा आहे ना तेवढं बघा.